लोनवरचा खेळाडू आज संघात का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या संघयाद्या जाहीर झाल्या की पुढच्या दहा मिनिटांत माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात. चांगला खेळत असलेला खेळाडू अचानक यादीतून गायब होतो, लोक प्रशिक्षकाला शिव्या घालतात, आणि बऱ्याचदा खरं कारण प्रशिक्षकाच्या डोक्यात नसून लोनच्या करारात असतं. इतकी वर्षं एकेकाला वेगळं उत्तर देत आलो. आता सगळं एका ठिकाणी लिहितो. सुरुवातीचे प्रश्न नव्याने फुटबॉल पाहू लागलेल्यांसाठी आहेत, अवघड गाठी पुढे आहेत.

१. लोन म्हणजे नेमकं काय? लोनवर गेलेला खेळाडू कोणाचा असतो?

खेळाडूचा मुख्य करार मूळ क्लबशीच राहतो. ठरलेल्या काळापुरती त्याची नोंदणी दुसऱ्या क्लबकडे जाते आणि त्या काळात तो त्यांच्या जर्सीत खेळतो. पगार कोणी किती द्यायचा हे दोन्ही क्लब आपसात ठरवतात. कधी घेणारा क्लब सगळा पगार उचलतो, कधी निम्मा, आणि मोठ्या पगाराच्या खेळाडूंच्या बाबतीत मूळ क्लबच बराचसा भार सोसतो. शिवाय वेगळं लोन शुल्क असू शकतं.

पाठवण्याची कारणंही निरनिराळी. एकोणीस वर्षांच्या पोराला सामन्यांचा अनुभव हवा असतो, एखाद्या महागड्या खेळाडूचं प्रशिक्षकाशी जमत नाही, एखाद्याला विकायचं असतं पण पूर्ण किंमत मोजणारा गिऱ्हाईक मिळत नाही. कारण कोणतं आहे त्यावर करारातल्या अटी ठरतात, आणि पुढे त्या अटी संघनिवडीत डोकं वर काढतात.

२. मग संघ कोण निवडतो, घेणाऱ्या क्लबचा प्रशिक्षक की मूळ क्लब?

नियमाने घेणाऱ्या क्लबचा प्रशिक्षकच. मूळ क्लबने फोन करून ‘आज याला खेळवा’ असं फर्मान काढायचं नसतं. पण प्रशिक्षकाभोवती कुंपणं असतात. काही लीगच्या नियमांची (प्रश्न ३ आणि ११), काही पैशांची (प्रश्न ७ आणि १०), आणि काही नुसत्या शब्दांची, जी कागदावर कुठेच सापडत नाहीत (प्रश्न ६). यादी प्रशिक्षकच लिहितो, पण त्याच्यापुढचे पर्याय आधीच कापलेले असू शकतात.

इतकं मात्र खरं की बहुसंख्य लोन खेळाडू बाकावर बसतात ते साध्या कारणाने: दुसरा कोणीतरी त्यांच्यापेक्षा बरा खेळत असतो. मे २०१३ मध्ये लेस्टर चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या, प्लेऑफ उपांत्य फेरीत वॉटफर्डविरुद्ध निर्णायक सामना खेळत होतं, तेव्हा टॉटनहॅमकडून लोनवर आलेला एक तरुण लेस्टरच्या बाकावर होता. त्याचं नाव हॅरी केन. त्याच बाकावर जेमी वार्डीही होता. प्रत्येक वेळी करारात कारण शोधू नका.

३. प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध का खेळत नाही? त्यांच्यात तसं ठरलेलं असतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ठरवायची गरजच नाही, कारण लीगचा नियमच तसा आहे. प्रीमियर लीगच्या एका क्लबकडून दुसऱ्याकडे लोनवर गेलेला खेळाडू लीगमध्ये मूळ क्लबविरुद्ध उतरू शकत नाही.

पूर्वी असं नव्हतं. फेब्रुवारी २००४ मध्ये लोमाना लुआलुआ न्यूकॅसलकडून लोनवर पोर्ट्समथला गेला होता. त्याच महिन्याच्या २९ तारखेला पोर्ट्समथची गाठ न्यूकॅसलशी पडली, आणि सामना संपत आला असताना लुआलुआनेच बरोबरीचा गोल केला. ज्याचं नाव आपल्या पटावर आहे त्यानेच आपले दोन गुण हिरावून न्यावेत, हे मालकांना कसं पचणार? त्यानंतर बंदी आली आणि ती आजतागायत आहे.

याची किंमत किती असू शकते ते पाहायचं तर २०२०-२१चा वेस्ट हॅम पाहा. जानेवारीत मँचेस्टर युनायटेडकडून जेसी लिंगार्ड आला आणि १६ सामन्यांत ९ गोल करून गेला. मार्चमध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर गेलं तेव्हा तो अर्थातच बाहेर. सामना युनायटेडने १-० जिंकला, तोही वेस्ट हॅमच्याच क्रेग डॉसनच्या स्वयंगोलवर. हंगामाच्या शेवटी चौथ्या क्रमांकावरच्या चेल्सीचे ६७ गुण झाले, वेस्ट हॅमचे ६५. लिंगार्ड असता तर जिंकले असते असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण पहिल्या चारांना मिळणारी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, जागा दोन गुणांनी हुकलेल्या संघाच्या चाहत्याला तो सामना आठवणारच.

आणखी एक बाजू फारशी कोणी बोलत नाही. हा नियम मूळ क्लबला दोन्हीकडून फायद्याचा आहे. २०१३-१४ मध्ये चेल्सीचा रोमेलु लुकाकू एव्हर्टनकडे होता. त्याने लिव्हरपूलविरुद्ध ३-३च्या सामन्यात दोन गोल केले, आर्सेनलविरुद्ध ३-० विजयात एक केला. दोघेही चेल्सीचे प्रतिस्पर्धी. चेल्सीविरुद्ध मात्र तो एकदाही उतरला नाही. आपला खेळाडू शेजाऱ्यांना त्रास देतो आणि आपल्या वाट्याला येत नाही. माझ्या मते लोनच्या नियमांमधला सर्वांत अन्यायकारक भाग हाच आहे: लीगच्या वीस संघांपैकी एकालाच त्या खेळाडूपासून अभय मिळतं.

४. मग कूतिन्हो बार्सिलोनाविरुद्ध कसा काय खेळला? तोही लोनवरच होता ना?

होता. १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ हरवलं. बार्सिलोनाच्या मालकीचा फिलिप कूतिन्हो बदली खेळाडू म्हणून आला, दोन गोल केले आणि एकाला पास दिला. कारण ती चॅम्पियन्स लीग होती. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत अशी बंदी नाही, आणि क्लबांनी करारात घातली तरी युएफा ती मानत नाही.

हे ठामपणे स्पष्ट झालं २०१४ मध्ये. थिबो कोर्तुआ चेल्सीचा गोलरक्षक, पण २०११पासून तीन हंगाम अॅटलेटिको माद्रिदकडे लोनवर. उपांत्य फेरीत दोघांचीच जोडी लागली. करारात एक कलम होतं: कोर्तुआला चेल्सीविरुद्ध खेळवायचं तर अॅटलेटिकोने पैसे मोजायचे, आणि बातम्यांत आकडा होता दर सामन्याला सुमारे ३० लाख युरो. अॅटलेटिकोचे अध्यक्ष सांगत होते की एवढी रक्कम आम्हाला परवडणार नाही. तेव्हा युएफाने जाहीर केलं की कोणता खेळाडू उतरवायचा यावर एका क्लबचा दुसऱ्यावर प्रभाव पाडणारं कोणतंही कलम आमच्या लेखी रद्दबातल आहे. कोर्तुआ दोन्ही सामने खेळला. माद्रिदमध्ये ०-०, आणि लंडनमध्ये अॅटलेटिकोचा ३-१ विजय. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर सामना १-१ असताना जॉन टेरीचा हेडर त्याने अडवला, तो गेला असता तर गोष्ट निराळी झाली असती. चेल्सीच्या गोलरक्षकाने चेल्सीला स्पर्धेबाहेर काढलं.

त्याच्या दहा वर्षं आधीचं उदाहरण माझ्या जास्त आवडीचं आहे. रेआल माद्रिदने फर्नांडो मोरिएन्तेसला २००३-०४ साठी मोनॅकोला दिलं. उपांत्यपूर्व फेरीत मोनॅकोसमोर रेआल आलं. पहिला सामना रेआलने ४-२ जिंकला, त्यात मोनॅकोकडून एक गोल मोरिएन्तेसचा. परतीचा सामना मोनॅकोने ३-१ जिंकला, त्यातही मोरिएन्तेसचा एक. एकूण ५-५, आणि परक्या मैदानावरच्या गोलांच्या जोरावर मोनॅको पुढे. त्या स्पर्धेत सर्वाधिक ९ गोल त्याचेच होते. आपल्याला नको असलेला माणूस दुसऱ्याच्या अंगणात काय करू शकतो, हे रेआलने फार महागात शिकलं.

स्पेनमध्ये अशा अटीला लोक ‘भीतीचं कलम’ म्हणतात. इतकं चपखल नाव दुसऱ्या कुठल्याच फुटबॉल संस्कृतीत मला आढळलेलं नाही.

५. एफए कप आणि लीग कपमध्ये काय होतं?

इंग्लंडच्या या दोन बाद पद्धतीच्या स्पर्धांत मूळ क्लबच्या परवानगीचा प्रश्न येतो. त्यांनी लेखी हो म्हटलं तर खेळाडू उतरू शकतो.

बहुतेक वेळा परवानगी मिळत नाही, पण एक सुंदर अपवाद आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये लीग कपात डर्बी काउंटी स्टॅमफर्ड ब्रिजवर आलं. डर्बीचा प्रशिक्षक होता चेल्सीचाच जुना खेळाडू फ्रँक लॅम्पार्ड, आणि त्याच्याकडे चेल्सीचे दोन पोरगे लोनवर होते, मेसन माउंट आणि फिकायो टोमोरी. चेल्सीने दोघांनाही खेळू दिलं. सामना चेल्सीने ३-२ जिंकला, आणि चेल्सीचा पहिला गोल टोमोरीकडून झालेला स्वयंगोल होता. बिचाऱ्याचं वाईट वाटलं, पण चेल्सीने त्या दिवशी दाखवलेला मोकळेपणा मला आजही आवडतो. घाबरून बंदी घालण्यापेक्षा आपल्याच पोरांना आपल्याविरुद्ध खेळताना बघणं जास्त शिकवून जातं.

दुसरी अडचणही लक्षात ठेवा. एखादा खेळाडू एफए कपमध्ये आधीच एका क्लबकडून खेळला असेल, तर त्या हंगामात त्याच कपात तो दुसऱ्या क्लबकडून खेळत नाही. जानेवारीत लोनवर आलेले खेळाडू कपच्या सामन्यांत दिसत नाहीत, त्यामागे बहुधा हे कारण असतं.

६. खेळाडूला कायमचं विकत घेतल्यावर तरी बंदी सुटते ना? टिम हॉवर्डचं काय झालं होतं?

सुटायला हवी. पण २००७चा हा किस्सा अजून वादाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अमेरिकी गोलरक्षक टिम हॉवर्ड २००६-०७ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून एव्हर्टनकडे लोनवर होता. हंगाम चालू असतानाच एव्हर्टनने त्याला कायमचं घेतलं. म्हणजे आता तो लोनवर नव्हता आणि प्रश्न ३ मधला नियम त्याला लागू नव्हता. तरीही २८ एप्रिलला युनायटेड एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर आलं तेव्हा गोलमध्ये हॉवर्ड नव्हता, तरुण इयन टर्नर होता. दोन्ही क्लबांत तसा तोंडी समझोता झाला असल्याचं पुढे आलं. एव्हर्टन २-० ने पुढे होतं. मग एका कॉर्नरवर टर्नरच्या हातून चेंडू निसटला, जॉन ओशेने गोल केला, आणि युनायटेडने सामना ४-२ जिंकला. त्या वर्षीचं विजेतेपदही युनायटेडचंच.

लीगने चौकशी केली, कारवाई मात्र झाली नाही. मला यात राग टर्नरचा कधीच आला नाही. त्या पोराला ज्या दिवशी, ज्या सामन्यात उभं केलं गेलं, त्या निर्णयाचा आला. लोन संपल्यावरही शब्दाच्या जोरावर एका क्लबचा हात दुसऱ्याच्या संघयादीपर्यंत पोहोचतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

७. ‘खरेदीचा पर्याय’ आणि ‘खरेदीचं बंधन’ यांत फरक काय? आणि त्याचा संघनिवडीशी काय संबंध?

पर्याय असेल तर हंगामाअखेर घेणारा क्लब ठरलेल्या किमतीला खेळाडू घेऊ शकतो, नको असेल तर सोडून देतो. बंधन असेल तर घ्यावाच लागतो. बंधन बहुधा एखाद्या अटीला बांधलेलं असतं, आणि खरी गंमत त्या अटीत असते.

काही अटी नावालाच असतात. २०१७ मध्ये किलियन एम्बापे मोनॅकोकडून पॅरिस सेंट-जर्मेनला लोनवर गेला तेव्हा खरेदीचं बंधन लागू व्हायला पॅरिसने फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत टिकून राहायचं होतं. पॅरिस दुसऱ्या श्रेणीत घसरेल अशी शंका तेव्हा कोणाच्याही मनात नव्हती. तो सौदा प्रत्यक्षात विक्रीच होती, फक्त १८ कोटी युरोंचा खर्च पुढच्या वर्षाच्या हिशेबात ढकलायचा होता. अशा अटीचा संघनिवडीवर काहीही परिणाम होत नाही.

काही अटी संघाच्या क्रमांकाला बांधलेल्या असतात. जेडन सांचो २०२४-२५ मध्ये युनायटेडकडून चेल्सीला गेला तेव्हा चेल्सी चौदाव्या किंवा त्याहून वरच्या क्रमांकावर राहिलं की खरेदी बंधनकारक होती. ते वर राहिले, आणि तरीही ५० लाख पौंड दंड भरून त्यांनी त्याला परत पाठवलं. म्हणजे बंधनातूनही पैसे मोजून सुटता येतं.

तिसरा प्रकार धोकादायक: सामन्यांच्या संख्येला बांधलेली अट. हार्वे एलियट सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलकडून अॅस्टन व्हिलाकडे गेला. १० सामने खेळला की सुमारे ३.५ कोटी पौंडांना घ्यायचा, अशी अट असल्याचं सर्वत्र छापून आलं. सुरुवातीच्या थोड्या सामन्यांनंतर त्याला संघात क्वचितच जागा मिळाली. बावीस वर्षांच्या गुणी खेळाडूची त्यात नाहक परवड झाली. व्हिलाला तो आवडला नसेल, तो त्यांचा हक्क आहे. पण प्रत्येक मिनिटाला पैशांचं मीटर चालू असेल तर ‘आज शेवटची वीस मिनिटं देऊन बघू’ हा प्रशिक्षकाचा सगळ्यात साधा प्रयोगही बंद होतो.

८. ग्रीझमनला अॅटलेटिकोचे प्रशिक्षक सिमिओने साठाव्या मिनिटानंतरच का उतरवायचे?

मागच्या उत्तरातल्या तिसऱ्या प्रकाराचं हे सर्वांत गाजलेलं उदाहरण. आंतुआन ग्रीझमन २०२१ मध्ये बार्सिलोनाकडून अॅटलेटिकोला लोनवर परतला, एका हंगामासाठी आणि आणखी एक हंगाम वाढवण्याच्या पर्यायासह. करारातली अट अशी होती की उपलब्ध सामन्यांपैकी निम्म्या सामन्यांत तो किमान ४५ मिनिटं खेळला तर अॅटलेटिकोने ४ कोटी युरो मोजायचे.

पहिल्या हंगामात तो भरपूर खेळला. दुसरा हंगाम, २०२२-२३, सुरू झाला आणि तो बहुतेक सामन्यांत तासाभरानंतरच मैदानात येऊ लागला. गणित सरळ आहे: साठाव्या मिनिटानंतर आला तर ४५ मिनिटं भरतच नाहीत आणि तो सामना हिशेबात धरला जात नाही. तोही असा खेळाडू की खेटाफेविरुद्ध उतरला आणि गोल केला, वालेन्सियाविरुद्ध उतरला आणि दोन-तीन मिनिटांत विजयी गोल केला, चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्टोविरुद्ध उतरला आणि भरपाई वेळेच्या अगदी शेवटी संघाला २-१ जिंकवून दिलं. चाहते चक्रावले होते. इतका फॉर्मात असलेला माणूस पहिल्या अकरात का नाही?

बार्सिलोनाचं म्हणणं होतं की अट आधीच पूर्ण झाली आहे. वाद कोर्टात जाईल अशी चिन्हं होती. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे २ कोटी युरोंवर तडजोड झाली आणि घड्याळ थांबलं. त्यानंतर तो नियमित पहिल्यापासून खेळला आणि हंगामाअखेर ला लीगात त्याच्या नावावर १५ गोल आणि १६ असिस्ट (गोलासाठी दिलेले पास) होते.

पैशांच्या बाजूने पाहिलं तर अॅटलेटिकोने निम्मी किंमत वाचवली. पण त्या दोन महिन्यांत तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने क्लबचा सर्वोत्तम फुटबॉलपटू बहुतेक सामन्यांचा पहिला तास बाकावर बसलेला पाहिला. माझ्यासाठी ही फसवणूकच आहे, मग ती कितीही कायदेशीर असो.

९. असं करायला परवानगी असते का? फिफाचा काही नियम नाही का?

आहे. फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमावलीतलं कलम १८ बिस सांगतं की क्लबने असा कोणताही करार करू नये ज्यामुळे दुसऱ्या क्लबला किंवा तिऱ्हाइताला त्याच्या रोजगारविषयक बाबींत, धोरणांत किंवा संघाच्या कामगिरीत ढवळाढवळ करता येईल. या कलमाखाली फिफाने क्लबांना दंड केलेले आहेत. ‘आमच्याविरुद्ध खेळवलंत तर इतके पैसे द्या’ ही अट या कलमात सरळ अडकते.

सामन्यांच्या संख्येची अट मात्र तितक्या सहज अडकत नाही. तिथे मूळ क्लब ‘खेळवू नका’ म्हणत नाही, उलट त्याला तर खेळाडू खेळायलाच हवा असतो. न खेळवण्याचा निर्णय घेणाऱ्या क्लबचा स्वतःचाच असतो, आणि आपल्या खिशाचा विचार करायला कुठलाच नियम मनाई करत नाही. प्रश्न ८ मधला प्रकार शिक्षेविना सुटतो तो इथे.

प्रीमियर लीगची बंदी (प्रश्न ३) या कलमात अडकत नाही, कारण तो दोन क्लबांमधला खाजगी सौदा नाही, सगळ्यांना सारखा लागू असलेला लीगचा नियम आहे. मला तो पटत नसला तरी हा फरक महत्त्वाचा आहे: नियम उघड असतो, कलम कपाटात असतं.

१०. उलटंही होतं का? ‘खेळवलं नाही तर दंड’ अशी अट?

हो, आणि तरुण खेळाडूंच्या बाबतीत ती आता सर्रास असते. मोठा क्लब म्हणतो, पोरगा खेळला तर लोन शुल्क कमी किंवा शून्य. बाकावर बसला तर जास्त द्या. खालच्या श्रेणीतल्या तंगीतल्या क्लबसाठी हा खरा दबाव असतो. बरोबरीचे दोन मध्यरक्षक असतील, एक घरचा आणि एक लोनवरचा, आणि घरच्याला खेळवलं तर महिन्याचं बिल वाढणार असेल, तर कौल कुठे जाईल ते सांगायला नको.

यात भरडला जातो तो घरचा पोरगा, क्लबच्या स्वतःच्या अकादमीतला. त्याच्यासाठी कोणी कलम लिहिलेलं नसतं.

११. एका संघात लोनवरचे किती खेळाडू चालतात?

प्रीमियर लीगमध्ये एका वेळी लीगमधल्या इतर क्लबांकडून दोनच, आणि तेही एकाच क्लबकडून दोन नाहीत. त्याखालच्या तीन श्रेणींत, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये, सामन्याच्या संघयादीत जास्तीत जास्त पाच. त्यामुळे सहा-सात लोन असलेल्या संघात दर आठवड्याला कोणीतरी धडधाकट असूनही घरी बसतो. ‘दुखापत नाही तरी यादीत नाही’ याचं हेही एक कारण.

या पाचच्या मर्यादेला वॉटफर्डचा इतिहास आहे. २०१२ मध्ये पोझ्झो कुटुंबाने क्लब घेतला. त्यांच्याकडे इटलीचा उदिनेझे आणि स्पेनचा ग्रनाडा आधीपासून होते. परदेशातून आलेलं लोन तेव्हा मर्यादेत मोजलं जात नसे. झालं, दहाच्या वर खेळाडू लोनवर आले, त्यांतला मातेय वीद्रा त्या हंगामात चॅम्पियनशिपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि संघ प्लेऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे क्रिस्टल पॅलेसने १-० हरवलं. बाकीच्या क्लबांनी आरडाओरड केली आणि पुढच्या हंगामापासून परदेशी लोनही मोजलं जाऊ लागलं. (प्रश्न २ मधल्या ज्या सामन्यात केन बाकावर होता, त्यात वीद्राने दोन गोल केले होते.)

आंतरराष्ट्रीय लोनसाठी फिफाने जुलै २०२२पासून मर्यादा आणल्या: आधी आठ बाहेर आणि आठ आत, मग सात, आणि जुलै २०२४पासून सहा. दोन ठराविक क्लबांमध्ये एका दिशेने तीनपेक्षा जास्त नाहीत, एक लोन एका वर्षाहून लांब नाही, आणि लोनवर घेतलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला लोनवर देता येत नाही. २१ वर्षांपर्यंतचे, क्लबच्याच अकादमीत घडलेले खेळाडू या मर्यादेत मोजत नाहीत.

१२. गोलरक्षकांसाठी वेगळा नियम आहे का?

इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये आहे. क्लबकडे खेळण्याजोगा एकही व्यावसायिक गोलरक्षक उरला नाही तर ट्रान्स्फर विंडो (खेळाडूंच्या नोंदणीचा ठरलेला काळ) बंद असतानाही सात दिवसांचं आणीबाणीचं लोन मिळतं. शुक्रवारी अनोळखी ड्रेसिंग रूममध्ये पोहोचायचं, बचावपटूंची नावं पाठ करायची आणि शनिवारी गोलमध्ये उभं राहायचं.

१३. मूळ क्लब मध्येच परत बोलावू शकतो का? मग तो तिसऱ्या क्लबकडून खेळू शकतो?

करारात परत बोलावण्याचं कलम असेल तर हो, सहसा जानेवारीत. म्हणून डिसेंबरमध्ये काही प्रशिक्षक अशा खेळाडूवर फार विसंबत नाहीत. महिन्याभरात जाणाऱ्याभोवती संघ कोण बांधेल?

तिसऱ्या क्लबचं उत्तर बहुतेकांना चकवतं. फिफाच्या नियमाने एका हंगामात खेळाडूची नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. समजा ऑगस्टमध्ये तो मूळ क्लबकडून लीग कपच्या एका सामन्यात शेवटची पाच मिनिटं खेळला, मग लोनवर जाऊन तिथे खेळला. जानेवारीत परत आल्यावर तो मूळ क्लबकडूनच खेळू शकेल, नव्या क्लबकडून नाही. त्या पाच मिनिटांनी अर्धा हंगाम अडतो. हुशार क्लब ऑगस्टमध्ये अशा पोरांना कपच्या सामन्यात मुद्दाम उतरवत नाहीत.

१४. दोन्ही क्लब एकाच मालकाचे असतील तर?

तिथे कलमांची गरजच उरत नाही, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलेला असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी संबंधित क्लबांकडून लोन घेण्यावर तात्पुरती बंदी घालण्यासाठी मतदान केलं. १३ बाजूने, ७ विरोधात. हवी होती १४. एका मताने ठराव पडला.

युएफा थोडी कडक वागते. सिटी फुटबॉल ग्रुपचे मँचेस्टर सिटी आणि जिरोना दोघेही २०२४-२५च्या चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले, तेव्हा प्रवेशाच्या अटींमध्ये दोघांनी आपसात खेळाडूंची देवाणघेवाण करायची नाही हीही एक अट होती. त्याआधीच्या हंगामात जिरोनाला तिसऱ्या क्रमांकावर नेणाऱ्यांत साव्हिन्हो होता, जो त्याच ग्रुपच्या ट्रॉयकडून लोनवर आलेला होता आणि नंतर सिटीत गेला. याच ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता, त्यामुळे हा विषय आपल्यासाठी अगदीच परका नाही.

१५. आपल्याकडे लोनमुळे संघनिवडीवर परिणाम झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि मोठं आहे. २०१४ ते २०१६ या काळात आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही वर्षाअखेरची दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती आणि आय-लीग ही देशातली दुसरी लीग त्यानंतर वेगळी चालायची. आय-लीगच्या क्लबांशी करार असलेले खेळाडू आयएसएलमध्ये लोनवर यायचे. २०१४ मध्ये प्रशिक्षक झिकोच्या एफसी गोवा संघात मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, क्लिफर्ड मिरांडा हे सगळे धेंपो क्लबचेच होते. ज्या पोरांना गोव्याचे लोक धेंपोच्या जर्सीत ओळखत होते, तेच एफसी गोवाच्या जर्सीत फातोर्ड्याच्या मैदानात उतरले.

मुंबईकरांना मात्र २०१६ आठवत असेल. सुनील छेत्री मुंबई सिटीकडे लोनवर, पण करार बंगळुरू एफसीशी. बंगळुरू एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलं, आणि ५ नोव्हेंबरला दोहात इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध तो सामना होईपर्यंत छेत्री मुंबईला मिळाला नाही. भारतीय क्लब पहिल्यांदाच त्या अंतिम सामन्यात खेळत होता. १-० ने हरले, पण छेत्री तिथेच असायला हवा होता यात मला तिळमात्र शंका नाही. तोवर मुंबई सिटीचा निम्म्याहून जास्त साखळी टप्पा झालेला होता, आणि तो त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या भारतीय नावाशिवाय पार पाडला. तरीही साखळीत ते अव्वल राहिले. इथे कुठलीही बंदी नव्हती, दंड नव्हता. मूळ क्लबचं वेळापत्रकच आधी होतं.

१६. फँटसी संघात लोनवरचा खेळाडू घ्यावा का?

जरूर घ्या, फक्त तीन गोष्टी तपासा. मूळ क्लब प्रीमियर लीगमधला असेल तर त्याच्याविरुद्धचे दोन्ही सामने वेळापत्रकात आत्ताच खुणा करून ठेवा. त्या आठवड्यांत त्याचे गुण शून्य. सामन्यांच्या संख्येला बांधलेलं खरेदीचं बंधन आहे अशी बातमी असेल (प्रश्न ७), तर आकडा जवळ येईपर्यंत ठेवा आणि मग विका. आणि डिसेंबर उजाडला की परत बोलावण्याच्या बातम्यांकडे (प्रश्न १३) लक्ष द्या, विशेषतः मूळ क्लबमध्ये त्याच जागेवरचा कोणी जायबंदी झाला असेल तर.